सईचं दम्मामला जाणं

अगं, आमच्या सईचं ऐक. सात वर्षांची पोर, रियाधच्या मुलींच्या सॉफ्टबॉल टीममध्ये निवडली गेली आणि दम्मामला दोन दिवस मॅचेसना जायचं म्हणून हटून बसली. आईबापांनी सोबत जायचं नाही असा टीमचा नियम. नवरा म्हणाला, "फार लहान आहे." मी स्वतः जळगावला शाळेत सॉफ्टबॉल खेळलेय, म्हणून मी ठाम होते, "जाऊ दे तिला."

सरावाला सोडायला गेलो तिथंही आमचं तेच चाललेलं; ती वादावादी ऐकून तिच्या कोचबाईंनी सरळ सईलाच विचारलं, "आईबाबांशिवाय झोपशील ना?"

"मी झोपेन," सई म्हणाली, "पण बाबांना माझ्याशिवाय झोप येत नाही. त्यांच्याजवळ कोणाला ठेवायचं?"

कोचबाईंनी हसू दाबत संमतीचा फॉर्म नवऱ्यापुढे केला. त्यानं सही केली.