बटणांच्या डब्यात

हॅलो? … हो ताई, मीच. त्यांचा फोन माझ्याजवळच आहे… घरी नाही, दवाखान्यात. आत पाय बघताहेत त्यांचा.

नाही, आलं संपलेलं नाही. हळदही आहे. अहो ताई, ऐका ना…

हो, हो. सकाळी आल्याचं पाणी, झोपताना हळद. तुम्ही सांगितलं तसंच, मिरपूडसुद्धा. गिऱ्हाइकाच्या कोऱ्या कॉलरवर पिवळी बोटं उठली, तरी तुमचे भाऊराय खूश…

असेल हो, थोडाफार गुण असेल. डॉक्टर म्हणाले, घ्या की, पण शुगरच्या गोळ्यांच्या जोडीला. जोडीला, ताई. ह्यांनी गोळ्याच सोडल्या.

कुठे म्हणजे? बटणांच्या डब्यात टाकत होते. माझ्यासमोर पाणी प्यायचे, गोळी मुठीतच. पांढऱ्या बटणांत पांढरी गोळी, कोणाला कळणार? काल मी शर्टाला बटण लावायला घेतलं, तर सुई घालायला भोकच सापडेना… हसा. मीही आधी हसले.

पायाला ना? टाचणी. दुकानात पडलेली, चपलेतून आरपार गेली. तशाच पायाने दिवसभर शिलाई मशीन मारली. घरी फरशीवर रक्त मला दिसलं, ह्यांना पत्ताच नाही…

लावली ना. हळदच लावली. रोज जुनीवर नवी, मला हात लावू देत नव्हते. म्हणायचे, बघ, जरासुद्धा दुखत नाही, तुला उगाच शंका. आज नर्सने ती धुतली, ताई… खाली सगळं काळं.

थांबा हं… हो डॉक्टर, मी बायको… अंगठा? … आणि पाऊल? … सही आत्ताच करायची?

ताई? आहात ना? अंगठा जाणार म्हणतात. पाऊल राहील की नाही, ते उघडल्यावर. उजवं हो. मशीनचं.

अहो, रडू नका. तुम्ही काय वाईट चिंतलंत का त्यांचं… नाही, लिंबूही नको आता. काही नको. ताई, मला कुठलंच औषध सांगू नका.

काय? … दुखतंय का त्यांना?

नाही ना. तेच तर. दारातून दिसताहेत मला. डॉक्टर तळव्याला सुई टोचताहेत, आणि हे माझ्याकडे बघून मान हलवताहेत… खुशीत.

ठेवते.