डावं मडगार्ड

मी मूळचा भोसरीचा. आमचे अण्णा डेंटर, म्हणजे ठोकलेल्या गाड्यांचा पत्रा सरळ करणारे, त्यामुळे गॅरेजातच वाढलो म्हणलं तरी चालेल. इथे मेलबर्नला आलो ते ऑटोमोटिव्हच्या कोर्सला, मग कायम राहायचा पीआर, मग लग्न, आता पॉइंट कुकला घर, घराला डबल गॅरेज, आणि त्या गॅरेजात बायकोची गाडी कधी लागलीच नाही, कारण तिथे माझी हॉट रॉड आहे. हॉट रॉड म्हणजे पणजोबांच्या काळातली मोटार घ्यायची, वरचं रूप जुनंच ठेवायचं आणि आत दणदणीत नवं इंजिन बसवायचं. बायको, केतकी, म्हणते भंगार आहे. म्हणू दे.

आता ह्या नादाची माणसं इथे कशी आहेत, काय सांगू तुम्हाला. कुणाचं काम अडलं की रविवारी सगळे त्याच्या दारात हजर, बोलवायला लागत नाही आणि नको म्हणायची तर सोयच नाही. त्यांतला म्होरक्या ट्रेव, सत्तरीचा, जन्मभर ट्रक चालवलेला. एकदा मी बोल्लो, ट्रेव, ब्रेकचं मी बघतो, माझं रोजचं काम आहे ते, तर नो वरीज मेट म्हणाला आणि स्वतःच गाडीखाली शिरला. अशी माणसं. रागवायचं तरी कसं?

तर मागे अण्णा इथे आले होते व्हिजिटर व्हिसावर. करमेना त्यांना. मग डावं पुढचं मडगार्ड घेऊन बसले, पार चेपलेलं होतं ते. हातात हातोडी, पत्र्यामागे लोखंडी ठोकळा, आणि टक टक टक, जायच्या आदल्या दिवसापर्यंत. आणि खळगे बुजवायची पुट्टी नाही लावली हं, अजिबात नाही. अण्णांचं म्हणणं, पुट्टी म्हणजे चोराचं काम, पत्रा हाताने बसवायचा. ते अंगावर हातोडीचे बारीक ठसे असलेलं मडगार्ड मी तसंच उघडं बसवलं. रंग देणारच नव्हतो त्याला. पण हे मी कुणाला बोल्लो नव्हतो ना. मनातल्या मनात ठरवलेलं.

पुढे अण्णांना लकवा मारला, उजवी बाजू गेली. मी गाडी अर्धवट टाकून धावत भोसरीला. जाताना ट्रेवकडे किल्ली दिली, म्हणलं कढीपत्त्याच्या कुंडीला तेवढं पाणी घाल. बस, एवढंच बोल्लो होतो. केतकी तेव्हा लेकीला घेऊन सिडनीला, केलीव्हिलला बहिणीकडे.

परत आलो तर एअरपोर्टवर ट्रेव. गालातल्या गालात हसतोय. घरी आलो, गॅरेजचं शटर वर गेलं, आत सगळे ओळीने उभे आणि मध्ये माझी गाडी. पूर्ण! लालभडक! बाप आजारी म्हणून ह्या लोकांनी आपले रविवार घालून ती पुरी केली होती. मी आधी डावीकडे बघितलं. गुळगुळीत. आरशासारखं. मला रडू फुटलं, आणि ते सगळे टाळ्या वाजवायला लागले, त्यांना वाटलं आनंदाने रडतोय. ट्रेवने मिठी मारली. च्यायला, तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच!

सांगू कुणाला? केतकी म्हणाली, अरे सांगून टाक ना ट्रेवला. कसं सांगू? कढीपत्तासुद्धा त्याने नवीन मोठ्या कुंडीत लावून ठेवलेला. आणि इकडे अण्णा रोज व्हिडिओ कॉलवर, शब्द धड फुटत नाहीत तरी म्हणायचे, डावं दाखव. मी उजवं दाखवायचो. मग नेटवर्क गेलं म्हणायचो. हातोडी धरायचा हात गेलेल्या माणसाशी खोटं बोलायचं म्हणजे, जेवण जात नव्हतं हो.

गाडी मी बाहेरच काढेना. शेवटी ट्रेवच्या घरी बार्बेक्यूला त्याने विचारलं, रंग आवडला नाही का मेट? आणि मी फुटलो. सगळं बोल्लो, सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात. सॉसेज जळायला लागले तरी कुणी हलेना. ट्रेव लाल झाला आणि उलट माझ्यावरच तापला, इतके दिवस गप्प बसलास, आम्ही कोण आहोत रे तुझे? मग हळूच म्हणाला, पुट्टीच्या आधी थोडं घासलं होतं आम्ही.

घासलं? म्हणजे पुट्टीखाली अण्णांचे ठसे राहिलेत की गेले?

पुढच्या रविवारी सगळे परत दारात, रंग उतरवायला. मी पुढे झालो तर ट्रेव म्हणाला, तू फोन धर, तुझ्या बापाला दाखव. इथली दुपार, तिथली सकाळ. मग अण्णांना खरं सांगावं लागलं. आधी त्यांनी एक शिवी हासडली, ती मात्र स्वच्छ, आणि मग पलंगावरून ओरडायला लागले, मशीन नको, हाताने काढा, हळू! मी इंग्रजीत सांगतोय, ट्रेव ऐकत नाही, ट्रेवचं मराठीत सांगतोय, अण्णा ऐकत नाहीत. रंग गेला, पुट्टी निघाली, खाली पत्रा. वरच्या बाजूचे ठसे गेले होते ते गेलेच. पण खाली, वळणाला, होते. ट्रेवने कॅमेऱ्यासमोर त्यांच्यावरून बोट फिरवलं. अण्णा म्हणाले, कडेला पुट्टी राहिलीय, नीट काढायला सांग त्याला.

आता गाडी सगळी लाल आणि एक मडगार्ड उघडं. सिग्नलला लोक काच खाली करून विचारतात, रंग कधी पुरा करणार मेट? उघडा पत्रा गंजतो, तेल लावून पुसावं लागतं. ते ट्रेव पुसतो. दर रविवारी, न विचारता, किल्ली त्याच्याकडेच आहे. वर अण्णांना फोन लावून दाखवतो, एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याला इंग्रजी येत नाही, अर्धा अर्धा तास चालतं त्यांचं. मी फडकं घेऊन गेलो की दोघं मिळून मलाच हाकलतात. देव भलं करो ह्या माणसांचं, शंभर वर्षं जगोत, पण मला कधीतरी माझ्या गाडीला हात लावू द्या की राव!