जाळीला आलेला झोळ

मुलांच्या डॉक्टरांकडे लेकीला मांडीवर घेऊन बसले होते. मागच्या बाकावर बाल्कनीला जाळ्या बसवणारा एक जण त्याच्या ताईशी बोलत होता. आम्हालाही जाळी लावायची आहे, म्हणून मी कान दिला.

“पुन्हा त्या आठव्या मजल्यावर निघालास?”

“हो, जाळीला झोळ आलाय म्हणे. परत.”

“हलका माल लावला असशील, मेल्या.”

“नायलॉन आहे, ताई. अख्खी जाळी मी एका हाताने उचलतो, पण दोन माणसं लोंबकळली तरी दोरा तुटायचा नाही.”

“मग कबुतरं बसत असतील.”

“कबुतराचं वजन ते केवढं! लहान पोर रेलावं तसा झोळ येतो. खाली, आपल्या कमरेपेक्षा कमी उंचीवर.”

“त्यांचंच पोर रेलत असेल.”

“पोर नाही आता. त्याच बाल्कनीतून पडलं. त्यानंतर नवऱ्याने जाळी लावून घेतली, बायकोच्या काळजीने.”

“अगं बाई! मग आईच टेकत असेल बिचारी, खाली बघत.”

“मलाही आधी तेच वाटलं. पण झोळ बाहेरच्या बाजूला नसतो गं. घराच्या आत येतो.”

“म्हणजे बाहेरून कुणी…? गप रे, काटा आला अंगावर.”

“नवरा म्हणतो, घट्ट ओढून दे. बाई माझ्या हातात कात्री देते. म्हणते, कापून टाक.”

“कापू नकोस हं. तीच उडी टाकेल एखाद्या वेळी.”

“छे, आज दुहेरी जाळी लावतो. दोन-चार दिवस बाहेरून ढकलेल ते पोर आणि कंटाळून जाईल आपल्या घरी.”

“अरे, त्याचं घर तेच ना?”