बोटभर उघडं दार

...नाही हो, बिघडलेला नाही! पट्टीवरून बोट उचललं तरी सूर पूर्ण मरत नाही, हेच म्हणताय ना? सकाळपासून सातवे तुम्ही. आणि जरा डावीकडे सरकता का — हां, तिथंच. तर ऐका. हा डबा स्वतः आवाज करत नाही, आवाज तो शेजारचा डबा करतो. हा फक्त त्याला सांगतो — कसं उठायचं, किती टिकायचं, कसं जायचं. एन्व्हलप म्हणतात याला, मी तर वाद्याचा स्वभावच म्हणतो. वाद्यांच्या या प्रदर्शनात, या हॉलमधली बाकीची टेबलं बघून या, सगळ्यांचे सूर शहाण्यासारखे येतात आणि सरळ रेषेत जातात. सरळ रेषेत कोण जातो हो? आमच्या मिनेसोटात पाहुणे "निघतो" म्हणाले की पुढे तासभर दारातच उभे!

म्हणून मी दारच मोजलं. हसू नका. डुलुथला आमच्या घराला बाहेरून काचेचं दार आहे, वरती हवेची नळी. सोडलं की झपकन येतं, मग मधेच त्याला आठवतं की आपल्याला कसली घाई नाही, आणि फुस्स करत, रेंगाळत लागतं. काय उतार असतो तो! बिजागरीला एक नॉब बांधला, त्याची तार कॉम्प्युटरला — दार हललं की पडद्यावर रेघ. थंडीत नळी आखडते, दार आणखी छान रेंगाळतं, म्हणून जानेवारी धरला. उणे पंचवीस. आणि दाराला व्हर्ना — माझी बायको. बाहेर जा, आत ये. बाहेर जा, आत ये. चाळीस वेळा! मग? एका मोजमापावर कोण विश्वास ठेवतो? मी आत, स्वेटर घालून, हातात कॉफी. तिला विचारलं होतं ना मी, कॉफी हवी का म्हणून. बहुतेक विचारलं होतं.

तेविसाव्या वेळी म्हणाली, "लाइल, मी आत येते ती रेघ कधी बघतोस का रे?" मी म्हटलं, अगं, उघडण्यात काय आहे, खरी गंमत लागण्यात आहे! आता चूक काय होतं त्यात?

एक्केचाळिसाव्या वेळी खांद्याला पिशवी होती. मी म्हटलं, ती दाराला घासू देऊ नकोस, रेघ बिघडेल. नाही घासू दिली. फार जपून बाहेर पडली. आणि काय रेघ आली, राव! मी आतून ओरडलो, "व्हर्ना, हीच! हीच!" वीस मिनिटं बघत बसलो. मग पाय गारठले म्हणून उठलो — तर दाराची कडी लागलीच नव्हती, बोटभर फट. आणि अंगणात गाडी नव्हती.

तीच रेघ आहे या डब्यात. शेवटी शून्याला टेकत नाही, म्हणून तुमचा सूर गुणगुणत राहतो. एक रेझिस्टर बदलला की गप्प होईल, दोन मिनिटांचं काम. मित्र म्हणतात, बदल, खपेल तरी. नाही बदलत, जा!

हा खालचा नॉब? बरं झालं विचारलंत. हा नवा. आत येण्याच्या रेघाही साठलेल्या होत्या, चाळीसच्या चाळीस, मीच बघितल्या नव्हत्या. फिरवा, आता दाबा पट्टी — पाहिलंत, आधी झटका, मग सूर अर्ध्यावरच थांबतो? दार खांद्यानं अडवून बुटांवरचा बर्फ झटकत होती ती. दर वेळी. चाळीसही वेळा. मी आदल्या दिवशी फरशी पुसली होती म्हणून. आणि मी गाढव, म्हणे उघडण्यात काय आहे.

या प्रदर्शनाचा आजचा पास धाडलाय तिला, तिच्या बहिणीच्या पत्त्यावर. सोबत चिठ्ठी — आत येण्याची रेघ ऐकायला ये. पाचपर्यंत उघडा आहे हॉल.

छे, विकायचा नाही हा, एकच आहे. तुम्ही असं करा, पलीकडच्या टेबलावर जा, तिथं छान सरळ सूर मिळतात. जा, जा — अहो, पुन्हा मधे आलात! डावीकडे, डावीकडे. दार दिसत नाही मला.