सोमवारचे आकडे

(लातूरच्या दवाखान्यातून किल्लारीला फोन. नर्स अफसाना, आणि सिद्रामप्पा मास्तरांची बायको शिवकांता.)

अफसाना : साखरेच्या मशीनवरून इथं येणारे आकडे चांगलेच आहेत, मावशी. म्हणूनच फोन केला. दर सोमवारी संध्याकाळी मास्तरांची साखर एवढी कशी उतरते? उपास धरतात का?

शिवकांता : ह्ये अन् उपास! सकाळच्याला भजे लागतेत त्यांना. सोमवारचा उपास माझा. निरंकार, पाणीबी न्हाई.

अफसाना : मावशी, मशीनला रक्त कुणाचं लावता?

शिवकांता : माझं. दोन महिने झाले. रागावू नका, सिस्टर.

अफसाना : या अल्ला! अन् मी इथं बसून दर आठवड्याला 'शाब्बास मास्तर' म्हणत होते. का केलं असं?

शिवकांता : साखर वाढली की तुमच्यासंगं आमच्या नातीच्या मोबाईलवरबी निरोप जातो न्हवं? शिवानी तिथंच लातुरात क्लासला हाय. दोनदा पुस्तकं टाकून पळत आली. मास्तर म्हणले, डॉक्टरकीची परीक्षा होस्तोर तिला कळू द्यायचं न्हाई. आमची थोरली लेक भूकंपात गेली, तिलाबी डॉक्टरच व्हायचं व्हतं. रविवारी हाय परीक्षा. चारच दिस राहिले.

अफसाना : मास्तर कसे आहेत? खरं सांगा.

शिवकांता : निजूनच असतेत. पायाचा अंगठा काळा पडलाय. पण दुखत न्हाई म्हणतेत.

अफसाना : दुखत नाही, त्याचीच भीती आहे. आता त्यांच्या बोटाचं रक्त मशीनला लावा. मी थांबते फोनवर.

शिवकांता : ... लावलं. आकडा न्हाई आला. इंग्रजीत दोन अक्षरं आलीत. बरं हाय का?

अफसाना : मशीनला मोजता येत नाही एवढी साखर आहे. गाडी पाठवते. पायाला धुतलेलं फडकं गुंडाळा, चालवत आणू नका.

शिवकांता : पाय ऱ्हाईल का, सिस्टर?

अफसाना : तुम्ही या. मी दारात उभी असते.

शिवकांता : आता शिवानीला निरोप गेला आसंल.

अफसाना : नाही गेला. मघाशी बोलता बोलता तिचा नंबर काढून टाकला.

शिवकांता : काढता येतो?

अफसाना : हाव, मावशी. एका मिनिटाचं काम.

शिवकांता : मिनिटाचं काम व्हतं, येवढं मास्तरांना सांगू नका.