क्लस्टर उभा राहीपर्यंत

...आणि वर मलाच विचारतात, "अगं, मग त्या नोकरीचं काय झालं?" काय झालं? मला विचारताय? ज्यांनी केलं त्यांना विचारा ना! ते बघा, तिकडं चिंचेखाली खाटेवर पाय पसरून बसलेत, आमचे एकनाथ तात्या, माझे सख्खे चुलते, आणि दात कोरतायत. दात कोरतायत हो! माणसानं पुतणीच्या नोकरीवरनं नांगर फिरवावा आणि वर दात कोरत बसावं... नाही, मी चिडलेली नाहीये. मी शांत आहे. आई, मी शांतच आहे, तू भाजी निवड!

तुम्हाला सांगते, जगात कुणावरही विश्वास ठेवा, पण "बाकीचं आम्ही बघतो" असं म्हणणाऱ्यावर ठेवू नका. चोरावर ठेवा. चोर निदान तसं म्हणत तरी नाही.

आता ही जागा तुम्ही बघताच आहात. कासार आंबोली, रस्त्याला लागून शेत, शेतात सहा खोल्या. शनिवार-रविवारी पुण्याची माणसं येतात, गाईबरोबर फोटो काढतात, "आहाहा, काय हवा आहे!" म्हणतात आणि त्याच हवेत सिगारेट ओढतात. मालक तात्या. आणि फोन उचलायला कोण? मी! बी.एस्सी. कॉम्प्युटर, फर्स्ट क्लास! "हॅलो, स्विमिंग पूल आहे का?" नाही हो, विहीर आहे. "विहिरीत घसरगुंडी आहे का?" आता काय सांगायचं? आहे, पण एकदाच वापरता येते?

मी तात्यांना म्हटलं, मला नोकरी करायची आहे, कॉम्प्युटरची, खरी. तर म्हणतात कसे, "आगं, नोकरी कशापायी? हितं काय कमी हाय तुला? तू फकस्त फोन उचल, बाकीचं आमी बघतो." बाकीचं म्हणजे काय, विचारा ना! बुकिंग मी घेते, चादरी मी मोजते, जेवणाचं आई बघते. मग उरलं काय? खाट! खाटेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला राम राम घालायचा, हे बाकीचं.

तर मी काय केलं, दोन फोनांच्या मधल्या वेळात क्लाउड शिकले. हसू नका. अगदी सोपं करून सांगते. आजकाल प्रोग्रॅम नुसता ठेवत नाहीत, त्याला लागणारं सगळं सामान घालून डब्यात बंद करतात, जेवणाच्या डब्यासारखं, म्हणजे कुठंही उघडा, चव तीच. त्याला म्हणायचं कंटेनर. असे ढीगभर डबे सांभाळायला तीन-चार मशीन एकत्र बांधायची, तो क्लस्टर. आणि ही मशीन आपल्या घरात नसतात, मोठ्या कंपनीच्या गोदामात असतात, आणि ती कंपनी सांगते, मशीन बंद पडलं, दुरुस्ती आली, काही झालं तरी तुम्ही काळजी करू नका, तुम्ही काळ्या स्क्रीनवर फक्त एक ओळ टाइप करा, बाकीचं आम्ही बघतो!

ऐकलंत? मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

एक ओळ म्हणे! ती ओळ लिहायला बसा म्हणजे कळेल. नाव काय ठेवायचं, सांगा. कुठल्या गावात उभा करायचा, सांगा. मशीन किती, सांगा. कसली, सांगा. आधी परवानगी घेतली का? नाही? मग जा, घेऊन या. अहो, सोयरीक जुळवताना सुद्धा एवढं विचारत नाहीत! आणि एवढं सगळं सांगून एंटर दाबलं की काय होतं? काही नाही होत. नुसतं लिहून येतं, 'तयार होत आहे'. आणि मग ठिपके. एक ठिपका... दुसरा ठिपका... भात शिजून निवेल, पण ह्याचं आपलं 'तयार होत आहे'. दहा मिनिटं, कधी पंधरा. काही करायचं नाही, कशाला हात लावायचा नाही, नुसतं बघत बसायचं.

हे ठिपके लक्षात ठेवा. घात ठिपक्यांनीच केला.

तर बाणेरच्या एका कंपनीत अर्ज केला. पहिली फेरी पास, दुसरी पास. शेवटची फेरी घरूनच, व्हिडिओवर, आणि समोर बसून क्लस्टर उभा करून दाखवायचा. परीक्षा घेणारे निरंजन सर फोनवर म्हणाले, "अपेक्षा, रिलॅक्स. तू फक्त क्लस्टर उभा कर आणि त्या वेळात मागं काय काय चाललंय ते आम्हाला सांगत राहा. बाकीचं आम्ही बघतो." म्हणजे खरी परीक्षा ठिपक्यांचीच! ते चालू असताना बोलता येतं का, हेच बघायचं होतं त्यांना. मी म्हटलं, बोलायला? मी? अहो, मी आठवडाभर गाईसमोर उभी राहून पाठ केलं. गाईला क्लस्टर कळला, तुम्हाला सांगते. ती रवंथ करायची थांबायची.

त्या दिवशी इथं ऑफिसात बसले, कारण नेटवर्क इथंच धड येतं. आईला दारात बसवलं. "आई, कुणाला आत सोडायचं नाही." "न्हाई सोडत." "तात्यांना तर मुळीच नाही." "आगं व्हय, तू बस निवांत, दाराचं मी बघते." बघितलंत? घरात सगळ्यांना बघायचंच असतं!

सुरू झालं. स्क्रीनवर दोघं. एक निरंजन सर, गोरे, चष्मा, मागं खोटं पुस्तकाचं कपाट. दुसरे शेखर सर, तिथले सगळ्यात मोठे, पण त्यांचा कॅमेरा बंद, नुसता काळा गोल आणि त्यात 'शे'. दोन फेऱ्या झाल्या होत्या, त्या 'शे'चं तोंड मी बघितलं नव्हतं. मी ओळ टाइप केली, एकही चूक नाही, एंटर दाबलं, ठिपके सुरू झाले. मी घसा खाकरला, "सर, आता या वेळात मागं काय होतंय ते मी सांगते, सर्वप्रथम..."

आणि दार उघडलं.

तात्या! तीन नंबरच्या खोलीची किल्ली न्यायला. आणि आई? आई आत चहाला गेलेली, कारण तात्यांनीच तिला म्हटलं, "वयनी, च्या टाका." गेली! दार सोडून गेली! माझी आई!

मी हातानं खुणा केल्या, जा, जा. तात्या बघतायत स्क्रीनकडं. आता आमच्या तात्यांचा एक रोग आहे, पाहुणा गप्प बसलेला त्यांना बघवत नाही. मयताला आलेल्या माणसांनासुद्धा हा माणूस भाताचं बियाणं कुठलं घेतलं विचारतो. इथं तर दोन पाहुणे, कवाचे गप्प, आणि घरची पोरगी नुसती स्क्रीनवरचे ठिपके बघतीय...

"आगं, पावणं आल्यात आन् तू टकाटका बघत बसलीस व्हय? पाणी तरी इचारलंस का?"

"तात्या, ते कॉम्प्युटरमध्ये आहेत!"

"म्हणून काय झालं? तितं काय तान लागत न्हाई?" आणि खुर्ची ओढली! माझ्या शेजारी! "राम राम पावणं. मी हिचा चुलता. कुटलं म्हणायचं तुमी?"

निरंजन सर बिचारे गोंधळले. "मी... मूळचा साताऱ्याचा."

"साताऱ्यात कुटं?"

झालं! संपलं! "कुठं" विचारलं की आमचे तात्या पाहुण्याच्या पणजोबांपर्यंत गेल्याशिवाय थांबत नाहीत. मी मधे म्हटलं, "सर, आता कंट्रोल प्लेन, म्हणजे सगळ्या मशीनवरचा मुकादम, तो..." तर तात्या म्हणतात, "थांब की जरा, मोठी माणसं बोलत्यात." मोठी माणसं! माझ्या मुलाखतीत!

आणि सरांनी थांबवावं ना? म्हणावं ना, काका, मुलाखत चालू आहे? नाही! तात्यांनी आमच्या सहा खोल्यांचं सांगितलं, तर सर म्हणाले, "काका, तुमच्याकडं जेवायला काय मिळतं?"

तात्यांनी मांडी घातली. खुर्चीवर! म्हणाले, "बाकी समदं सोडा पावणं. तुमी आमचं काळं खेकडं खाल्ल्यात का?"

आणि तुम्हाला सांगते... तो काळा गोल हलला. 'शे' गेला, आणि तिथं चक्क माणूस आला! टक्कल, बनियन, हातात बिस्कीट! दोन फेऱ्या मी जीव तोडून उत्तरं दिली तेव्हा ज्यानं कॅमेरा लावला नाही, त्यानं खेकड्यासाठी लावला!

"ताम्हिणीचे का हो?" शेखर सर विचारतायत, अगदी हळव्या आवाजात.

"ताम्हिणीच्या खालचं. वढ्याचं. आवो, दगड असा अल्लद उचलायचा..." आणि तात्यांनी उचलला की हो, माझा माउस! दगड म्हणून! "आन् मागनं धरायचा, फुडनं न्हाई, फुडनं नांगी हाय."

आणि नेमकं तेव्हाच, माउस तात्यांच्या हातात असताना, स्क्रीनवर लाल अक्षरं आली. क्लस्टर पडला! का? तर मी जे गाव निवडलं होतं तिथं मशीन शिल्लक नाहीत! "बाकीचं आम्ही बघतो" म्हणणाऱ्या त्या एवढ्या मोठ्या कंपनीकडं जागा नाही! अहो, आमच्या सहा खोल्या भरल्या तर मी निदान फोनवर आधी सांगते, यांनी ठिपके दाखवून दाखवून शेवटी सांगितलं!

पण मी घाबरले का? नाही. माउस नव्हता, तर नुसत्या कीबोर्डवर, लाल अक्षरं वाचली, कारण ओळखलं, अर्धवट उभा राहिलेला सांगाडा पाडून टाकला, मुंबई काढून दिल्ली घातली, एंटर. अहो, अनुभवी माणसं इथं गडबडतात! आयुष्यात एवढं सुंदर काम मी केलेलं नाही. मान वर करून बघितलं, कुणी बघितलं का म्हणून...

निरंजन सर खेकड्याच्या नांग्या ठेचून रस कसा काढायचा ते लिहून घेत होते.

आणि आता पुन्हा पहिल्यापासून ठिपके! म्हणजे तात्यांना दुसरी फेरी! आई चहा घेऊन आली, तिनं दोन कप जास्त आणले होते, स्क्रीनसमोर ठेवले. ठेवले हो, खरंच! आणि शेखर सरांनी हात जोडले तिला! मी म्हणतेय, "सर, नोड, म्हणजे कामाची मशीन, आता जोडली जातायत..." आणि शेखर सर म्हणतायत, "वहिनी, मसाला घरचा का?"

शेवटी उभा राहिला. तुम्हाला सांगते, उभा राहिला! त्याच्या किल्ल्या, म्हणजे आत शिरायची परवानगी, मागवून घेतल्या, त्यालाच विचारलं, मशीन किती, कशी आहेत? तिन्ही तयार. त्यावर माझ्या प्रोग्रॅमचा डबा चढवला, त्याचं पान उघडलं, त्यावर मी लिहून ठेवलं होतं, 'नमस्कार, मी अपेक्षा'. मी म्हटलं, "सर, बघा!"

सर घड्याळ बघत होते. "अरे, वेळ संपली की. काका, मजा आली!"

काका, मजा आली. अपेक्षा, नाही. काका.

तात्या उठले, माझ्या पाठीवर थाप मारली. "काय मोठी मुलाखत म्हणत हुतीस? लई साधी माणसं हायेत. तू आता काळजी सोड, बाकीचं आमी बघितलं."

दोन दिवसांनी मेल आला. काय लिहावं त्यांनी? तांत्रिक ज्ञान चांगलं. पण, पण, ऐका आता, 'प्रतीक्षेच्या काळात उमेदवाराने पुरेसा संवाद साधला नाही'. नाही साधला! मी! अहो, संवाद साधायला तोंडाला जागा होती का? मी तो मेल तात्यांना वाचून दाखवला, मराठीत, हळूहळू, एकेक शब्द. तर म्हणतात, "मंग? मी म्हणतच हुतो, पावण्यांशी बोलत जा."

बघा! हात शिवशिवतात की नाही?

आणि हे इथं संपत नाही. काल निरंजन सरांचा फोन. "अपेक्षा, बोलू शकतो का? एक चांगली बातमी आहे." मी उठून उभी राहिले, तुम्हाला सांगते, फोनवर, ओढणी नीट केली. कुणीतरी मुलाखतीचं रेकॉर्डिंग बघितलं असेल! ती लाल अक्षरं, ती दिल्ली, ते पान! मी म्हटलं, "बोला ना सर." सर म्हणतात, "आमची सगळी टीम शनिवारी दिवसभरासाठी येतेय तुमच्याकडं. काकांशी बोलणं झालंय. काका म्हणाले, बुकिंग अपेक्षाच बघते."

मी कंपनीत जाणार होते. कंपनीच आली. चाळीस जण. सगळ्यांना खेकडे.

"आणि हो," सर म्हणतात, "आमचा नवीन मुलगा शाकाहारी आहे, वेदांत, याच आठवड्यात जॉइन झालाय. त्याच्यासाठी पिठलं कराल ना?"

कळलं ना कोण? माझ्या जागेवर जो बसला, त्याला मी पिठलं करू! मऊ करू का कोरडं, तेवढंही विचारते ना... आई, हसू नकोस! तू दार सोडून गेली होतीस!

थांबा, फोन वाजतोय. "हॅलो... हो, तीच जागा... नाही, स्विमिंग पूल नाही. कोण बोलतंय? ...वेदांत? अच्छा. वेदांत का. बोला ना... काय? शनिवारी इथं बसून काम करायचंय? काय काम?... क्लायंटसमोर क्लस्टर उभा करून दाखवायचाय? लाइव्ह?"

(तात्यांच्या खाटेकडं बघत)

"हो, हो, नेटवर्क आहे की. ऑफिसात बसा, इथंच धड येतं. नाही, कुणाचा त्रास नाही, अगदी शांत... ठिपके सुरू झाले की वेळ जात नाही, खरंय तुमचं. पण तुम्ही नका काळजी करू. आमचे तात्या आहेत ना, मी त्यांना शेजारीच खुर्ची टाकून देते. तुम्ही फक्त या, वेदांत... बाकीचं आम्ही बघतो."