अजून बारीकच आहे

नाही, ती सुतळी खिशातच राहू दे. फाटकाच्या आत आलात तेवढं पुरे. एवढे आंबे लगडलेत, दुसरा कुणीही आधी तेच बघेल, तुम्ही बुंधा बघताय — लाकूडवाल्याची नजर मला कळत नाही होय, कुंजप्पन? सुगुणेट्टननी पाठवलं ना? माझ्या थोरल्या दिरांनी? तोडायचं नाही, नुसतं माप घेऊन ये म्हणाले असतील. म्हणजे आई आत खाटेवर श्वास घेतेय आणि मुलगा तिच्या चितेचं लाकूड मोजायला माणूस धाडतो. हळू बोला — खिडकीला लागूनच खाट आहे तिची. डोळे गेलेत, कान नाही गेले. तो टक टक आवाज येतोय ना, तो अम्माचाच, माझ्या सासूबाईंचा, दात नाहीत म्हणून विडा कुटून खाते. डॉक्टरांनी ओणमला आठ दिवस दिले होते. सात महिने झाले, आता विषू आलं. अजून कुटतेय.

माहीत आहे हो, चितेला घरच्याच परसातला आंबा लागतो, मला काय शिकवता? चौदा वर्षांपूर्वी सासरे गेले तेव्हा जुना आंबा तुम्हीच पाडलात ना — माझं लग्न व्हायचं होतं, पण ऐकलंय सगळं. त्या पडलेल्या झाडाचाच एक आंबा अम्मानं चोखून खाल्ला, कोय राखेत घोळवली, तीन दिवस सावलीत ठेवली आणि इथंच पुरली — कुंडीत नाही, पिशवीत नाही, बी रुजलं तिथंच वाढलं तर मूळ सरळ खाली जातं म्हणे. एका कोयीतून चार कोंब आले, तीन उपटले, एक ठेवला. तांदळाच्या धुवणावर वाढवला. सुगुणेट्टननी तेव्हा नर्सरीतनं कलम आणून दिलं होतं, तीन वर्षांत फळ धरेल म्हणून. तर ही म्हणते, कलम घेऊन काय करू, मनगटाएवढं वाढणार ते, त्यात मी अर्धीसुद्धा जळायची नाही. हसू नका, तिनं गंमत नव्हती केली. म्हणजे झाड तिनं स्वतःसाठीच — झालं, हे बोलायला नको होतं मी. आता जाऊन सांगाल त्यांना. सांगा, सांगा.

रोज सकाळी मी तिचं तोंड पुसते, तेव्हा विचारते, प्रसीते, झालं का गं पुरेसं जाड? मी म्हणते, नाही अम्मे, अजून बारीकच आहे. बरं म्हणते. मग पेज पिते. दोन वर्षं झाली, एक दिवस चुकला नाही — ना तिचा प्रश्न, ना माझं खोटं. असं काय बघताय? तुमच्या घरी कुणी खोटं बोलत नाही वाटतं? मागच्या पावसाळ्याआधी हट्टच धरला तिनं, मला हात लावून बघू दे. उचलली, माझ्या पोरीपेक्षा, मालूपेक्षा जराशीच जड भरते — आणि नेली त्या कलमाजवळ. हो, तेच, दिरांनी आणलेलं, शेवटी विहिरीकडे लावलेलं. मिठी मारली तिनं, बोटांना बोटं भेटली. मग एक पान खुडलं, चुरगळलं, हुंगलं. बराच वेळ हुंगत होती. खाटेवर ठेवली तेव्हा एवढंच म्हणाली की कोयीच्या झाडाला वेळ लागतोच. बघा, पटलं होतं तिला.

आणि सुनेचं प्रेम वगैरे गावभर सांगत सुटू नका. घर तिच्या नावावर आहे. नवरा मस्कतला, त्याचा नुसता आवाज येतो, तो येत नाही. ती गेली की सोळाव्या दिवसाचं कार्य व्हायच्या आत हा परस मोजायला माणसं येतील, तुमच्यासारखीच, सुतळी घेऊन. चार वर्षांची पोर घेऊन मी जाऊ कुठं? सातवी शिकलेल्या बाईला कोण काय देतं? म्हणून थांबवून धरलंय मी तिला. घ्या, हेही सांगा दिरांना. पण पेज भरवताना मला घर आठवत नाही, कुंजप्पन, देवाशपथ नाही आठवत, हे मात्र तुम्ही सांगायचे नाहीत —

अहो! मी इकडे बोलतेय आणि तुम्ही बुंध्याला सुतळी गुंडाळलीतसुद्धा? सोडा ती. गाठ कसली मारताय, आकडा नको, मला आकडा नको म्हटलं ना —

पाच वीत.

म्हणालातच. आणि एवढ्या मोठ्यानं.

थांबा. ऐका. कुटणं थांबलं.

अम्मे, कुणी नाही गं, रोपं विकणारा आलाय. तो फणसाचं म्हणाला, फणसाचं. आंबा अजून बारीकच आहे. अम्मे? माझ्या मनगटाएवढा. ऐकतेयस ना? अम्मे?

...

टक.

टक. टक.

कुटतेय. ऐकलंत ना? कुटतेय ती.

निघा आता. दिरांनी विचारलं तर सांगा, अजून बारीकच आहे. आणि फाटक आपटू नका.